कॅमेरा बंद ठेवणाऱ्यांची बैठक

४ जानेवारी, गुरुवार

आजची बैठक कशी झाली असं कुणी विचारलं तर काय सांगू? झालीच नाही. किंवा इतकी छान पहिल्यांदाच झाली.

चूक माझीच. गेल्या आठवड्यात मीच म्हणाले होते, "पुढच्या वेळी सुरुवात मी करणार नाही. तुमच्यापैकी कुणीही करा. आणि एकमेकांना घाई करू नका." झालं. आज सातही जण वेळेवर हजर. पडद्यावर सात काळे चौकोन आणि प्रत्येकाखाली नावाऐवजी धंदा, कारण नावं लिहायची नाहीत हा त्यांचाच नियम. ग्रंथपाल, आचारी, क्रेन, घड्याळं आणि बाकीचे तिघे. जो तो दुसऱ्याची वाट बघत बसला. मी त्या सगळ्यांची. तासभर कुणी चकार शब्द काढला नाही. आचाऱ्याकडे मधूनच भांडं वाजायचं, क्रेनवाल्याच्या केबिनीत वारा शीळ घालत होता. शेवटी मी म्हणाले, "वेळ संपली, पुढच्या गुरुवारी भेटू," आणि सगळे निघून गेले.

दुसरा कुठलाही समुपदेशक पाच मिनिटांत बोलला असता. पण मी बोलणार नाही असं सांगितलं होतं ना? सांगितलं म्हणजे सांगितलं.

नंतर निरोप यायला लागले. घड्याळवाले आजोबा लिहितात, "वर्षातला सर्वांत चांगला तास." ग्रंथपाल बाई लिहितात, "माणसांत बसूनही थकले नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं." आचारी म्हणतो, "मला वाटलं मी एकटाच घाबरून गप्प आहे. मग कळलं, इथे सगळेच आज्ञाधारक."

आमच्या केंद्राच्या फलकावर या बैठकीचं नाव आहे 'मेंदूची जडणघडण वेगळी असलेल्या प्रौढांसाठी ऑनलाइन समुपदेशन'. वाचेपर्यंत माणूस बरा होऊन घरी जाईल. साधं सांगायचं तर आपल्याला ऑटिझम आहे किंवा एडीएचडी आहे हे ज्यांना तिशी-चाळिशी उलटल्यावर कळलं अशी ही माणसं. तोवर जग त्यांना घुमे, विक्षिप्त, आगाऊ ठरवून मोकळं व्हायचं. मी काही त्यांच्यातली नाही, पण त्यांचा मला कंटाळा येत नाही. एरवी माणसांचा फार लवकर येतो.

६ जानेवारी, शनिवार

ताईला गुरुवारची गंमत सांगितली. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "अगं, पण तू तरी बोलायचंस." मी म्हटलं, "का?" त्यावर ती भाऊजींकडे बघून आणखी हसली. या दोघांचं काय चाललेलं असतं मला कळत नाही.

भाऊजींनी मिक्सर लावण्याआधी नेहमीप्रमाणे माझ्या दारावर टकटक केली. मी कानांवर ते मोठे हेडफोन चढवले, मग त्यांनी लावला. त्यांच्या घरात राहायला आले तेव्हापासूनची ही पद्धत. त्यांना उगीच वाटतं की मला आवाजाचा त्रास होतो. मला फक्त तो आवाज ऐकायचा नसतो.

९ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरबाईंनी बोलावून घेतलं. केंद्र त्यांनी उभं केलंय, आणि ही बैठक सुरू करायला विश्वस्तांशी त्या दोन वर्षं भांडल्यात, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना मला त्यांचा राग येणार आहे.

बैठकीत कोण किती बोललं याची नोंद संगणक आपोआप ठेवतो. गुरुवारच्या नोंदीत सगळ्यांपुढे शून्य. बाईंनी तो पडदा माझ्याकडे वळवला.

"हे काय आहे?"

"शांतता."

"थट्टा नको. एक फेब्रुवारीला विश्वस्त बैठक बघायला येताहेत. त्यांना मी हे दाखवू? त्यांना प्रगती बघायची आहे. कॅमेरे चालू हवेत, माणसं नजरेला नजर देऊन बोलली पाहिजेत, एकमेकांना प्रश्न विचारले पाहिजेत."

"नजरेला नजर देणं ही प्रगती नाही, बाई. काहींना तसं बघताना समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही."

"ते तुला आणि मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना नाही. बैठक बंद पडली तर हे सात जण कुठे जातील तेही तुला माहीत आहे."

माहीत आहे. वरच्या मजल्यावरच्या संभाषण वर्गात. तिथले सर सगळ्यांना गोल उभं करतात, हात मिळवायला लावतात आणि मोठ्याने 'मी मोकळा आहे' असं म्हणायला लावतात. त्या गोलात मी एकदा मदतीला उभी राहिले होते. घरी आल्यावर दार लावून जमिनीवर पडून होते. दमणूक, दुसरं काय.

बाईंच्या अत्तराने डोकं अजून ठणकतंय. मी त्यांना कधी बोललेले नाही, पण त्यांच्या खोलीत मी तोंडाने श्वास घेते.

११ जानेवारी, गुरुवार

बैठकीत सगळं सांगून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही.

मग क्रेनवाला म्हणाला, "त्या वर्गात मी जाणार नाही. तसल्या एका वर्गात गेलोय मी पूर्वी." मी विचारलं, काय झालं होतं? म्हणाला, "सांगण्यासारखं नाही." त्याला मी जास्त खोदून विचारत नाही. उंचावरच्या केबिनीत दिवसभर एकटा बसायला मिळतं म्हणून त्याने ते काम धरलंय आणि त्या कामात तो सुखी आहे.

घड्याळवाले आजोबा म्हणाले, "विश्वस्तांना नाटक बघायचंय ना? दाखवू. एका तासाचा प्रश्न आहे. आपण सगळे जन्मभर करतोच आहोत."

आचारी म्हणाला, "मी तयार. पण मला शिकवावं लागेल. माझं हसू चुकीच्या जागी येतं."

माझा जीव भांड्यात पडला. खरं लिहायचं तर, त्यांनी हे आपणहून सुचवावं अशीच मी वाट बघत होते.

१८ जानेवारी, गुरुवार

आज तालीम. मला माहीत नव्हतं मी इतकी चांगली शिक्षिका आहे.

डोळ्यांत बघायचं नाही, दोन भुवयांच्या मध्ये बघायचं; समोरच्याला फरक कळत नाही. मान हलवायची ती वाक्य संपताना, मधेच नाही. विनोद झाला की आधी बाकीच्यांची तोंडं बघायची, मग त्यांच्या मागोमाग हसायचं. कुणी 'कसे आहात' म्हणालं तर ते खरंच विचारत नसतात, 'मजेत, तुम्ही?' एवढं म्हणून सुटायचं. हात हलायला लागले तर मांडीखाली दाबायचे किंवा कप धरायचा. आणि निघायची घाई झाली की म्हणायचं, "बरं, तुमचा वेळ घेत नाही."

सगळ्यांनी कॅमेरे लावले होते. वर्षभरात मी पहिल्यांदाच त्यांचे चेहरे बघितले. क्रेनवाला दिसायला चक्क राजबिंडा आहे. आजोबांनी तर इतकं सफाईदार 'मजेत, तुम्ही?' केलं की सगळे मनापासून हसले, आणि आचारी नेमका तेव्हाच योग्य जागी हसला.

जाताना ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "हे सगळं तुम्ही कुठे शिकलात?"

"कामात. अनुभवाने."

त्या माझ्या भुवयांच्या मध्ये बघत होत्या. मग "हं," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचा तो 'हं' मला आवडला नाही.

२१ जानेवारी, रविवार

विश्वस्तांसोबत आधी चहा आहे, त्याची मी आरशासमोर तयारी करत होते. हसणं, खुर्ची पुढे करणं, "प्रवास कसा झाला?" ताई कपड्यांच्या घड्या घेऊन आत आली आणि दारातच थांबली.

"लहानपणी पाहुणे यायचे तेव्हा अस्संच करायचीस. न्हाणीघरात कडी लावून. आई बाहेरून ऐकत बसायची."

"सगळेच करतात तयारी."

"मी नाही बाई केली कधी," ती म्हणाली. पलंगावर घड्या ठेवल्या. माझ्या सदऱ्यांच्या गळ्यावरची लेबलं तिने आधीच उसवून टाकलेली असतात. "तू दमत नाहीस का गं?"

कशाने दमायचं, ते काही ती बोलली नाही. अर्धवट प्रश्न विचारायची तिला खोडच आहे.

२५ जानेवारी, गुरुवार

दुसरी तालीम. ग्रंथपाल बाई आल्या नाहीत. दुपारी त्यांचा निरोप आला, तो तसाच उतरवते: "गेल्या गुरुवारनंतर दोन दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. ग्रंथालयात कळवलं की ताप आहे. माझी काळजी करू नका, पहिल्या तारखेला येईन आणि चोख करेन. बैठक वाचलीच पाहिजे. माझ्याकडे दुसरं काही नाही."

बाकीच्यांना विचारलं. आचाऱ्याचा हात भाजलाय, गेल्या तालमीनंतर कामावर गेला आणि तवा उघड्या हाताने उचलला. घड्याळवाल्यांनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. क्रेनवाला म्हणाला, "मी ठीक आहे. मजेत. तुम्ही?" आणि हसला. अगदी मी शिकवल्याप्रमाणे.

मला त्या हसण्याची भीती वाटली.

२७ जानेवारी, शनिवार

वैताग आलाय. डॉक्टरबाईंवर, विश्वस्तांवर, वरच्या मजल्यावरच्या सरांवर आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर. वर्षभर या लोकांना सांगितलं की इथे चेहरा घालून यायचं नाही. आणि वेळ आली तेव्हा सात जणांना सात चेहरे मीच शिवून दिले. वर मापही अचूक घेतलं.

बाईंना फोन करून म्हटलं, नाटक रद्द करू. त्या म्हणाल्या, "मग बैठक रद्द होईल. त्यांना विचार, चालेल का?" विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, एक तास सोसू. ग्रंथपाल बाईंचं उत्तर सर्वांत आधी आलं. आता मी कोण अडवणारी?

१ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते.

केंद्राच्या मोठ्या खोलीत तीन विश्वस्त, डॉक्टरबाई आणि मी. समोर भिंतभर पडदा. चहा, प्रवास, खुर्ची, सगळं मी चोख केलं. मग बैठक. सात चेहरे, सगळे कॅमेऱ्याकडे बघणारे. आजोबांनी आचाऱ्याच्या हाताची चौकशी केली. आचाऱ्याने आभार मानून ग्रंथपाल बाईंना नवं पुस्तक सुचवायला सांगितलं. बाईंनी सुचवलं, वर हलकीशी कोटीसुद्धा केली, आणि सगळे हसले. एकाच्या मागोमाग एक.

विश्वस्तांपैकी ते वयस्कर गृहस्थ, स्वभावाने खरंच चांगले, कौतुकाने म्हणाले, "कमाल आहे. हे तर अगदी आपल्यासारखेच आहेत. मला तर काही फरकच दिसत नाही."

डॉक्टरबाई टेबलाखालून माझा हात दाबत होत्या. जिंकलो होतो आम्ही. मी पडद्याकडे बघितलं. ग्रंथपाल बाई हसत होत्या आणि त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. घाम कानशिलावरून गळ्यापर्यंत उतरला होता, तो त्या पुसत नव्हत्या, कारण हात मांडीखाली दाबायचे हे मीच सांगितलं होतं. मघाशी चहाच्या वेळी कळलं होतं की यानंतर दर सहा महिन्यांनी विश्वस्त येणार. दर सहा महिन्यांनी हेच.

मी उभी राहिले. म्हणाले, "कॅमेरे बंद करा. सगळ्यांनी. आत्ता."

एकेक चौकोन काळा झाला. ग्रंथपाल बाईंचा सर्वांत आधी.

"हे नाटक होतं," मी विश्वस्तांना म्हणाले. "मी बसवलेलं. उत्तम बसवलं, कारण मला ते येतं. मघाशी चहाच्या वेळी मी तुमच्या भुवयांच्या मध्ये बघत होते. प्रवास कसा झाला हे मी आरशासमोर आठवडाभर घोकलंय. तुमच्यासारखं दिसायला मला एकोणचाळीस वर्षं लागली, आणि त्यात माझं बाकीचं आयुष्य राहून गेलं. फरक दिसत नाही म्हणालात ना? तो दिसू नये म्हणून या ग्रंथपाल बाई दोन दिवस अंथरुणात होत्या."

हे सगळं माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर मला ऐकू आलं. त्याआधी मला ते माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तू बस जरा." मी बसले नाही. म्हटलं, "आता खरी बैठक बघा," आणि गप्प राहिले.

विश्वस्त एकमेकांकडे बघताहेत. एकाने घसा खाकरला, एकाने फोन काढून परत ठेवला. डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठ्यांचं जाळं. मला वाटलं, संपलं, आता कुणी बोलणार नाही. मग 'क्रेन' लिहिलेल्या काळ्या चौकोनातून आवाज आला.

"मी तसल्या वर्गात सहा महिने होतो. माणूस समोर आला की हसायचं, हात मिळवायचा, 'भेटून आनंद झाला' म्हणायचं. मी चांगला विद्यार्थी होतो. नंतर माझे वडील गेले. लोक घरी यायला लागले. मी दारात उभा होतो. येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून मी हसलो. प्रत्येकाशी हात मिळवला. 'भेटून आनंद झाला' म्हणालो. माझ्या काकांनासुद्धा. मला आतून काय होत होतं ते कुणाला दिसलं नाही, कारण ते दिसू द्यायचं नाही असंच शिकवलं होतं. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. हे मी आज पहिल्यांदा सांगतोय. कॅमेरा चालू असता तर सांगता आलं नसतं. मी हसलो असतो."

त्या वयस्कर गृहस्थांनी चष्मा काढला आणि हातात धरून बसले.

घरी आले तेव्हा ताई सुपात मटार सोलत होती. मी चपला न काढताच म्हणाले, "ताई, मी त्यांच्यातलीच आहे."

"हो," ती म्हणाली.

"हो म्हणजे?"

"अगं, मला वाटलं तुला माहीत आहे. म्हणून तर हे काम धरलंस ना?" मग माझा चेहरा बघून तिने सूप बाजूला ठेवलं. भाऊजी आतून म्हणाले, "सांगितलं वाटतं तिला?" आणि मी पहिल्यांदा इतकी चिडले आणि इतकी रडले की दोन्ही एकदमच झालं. एवढी वर्षं हे दोघं दारावर टकटक करत होते, लेबलं उसवत होते, आणि मला वाटायचं यांना खोडच आहे.

५ फेब्रुवारी, सोमवार

निकाल लागला. विश्वस्तांची मतं दोन विरुद्ध एक. चष्मेवाले गृहस्थ आमच्या बाजूने होते, बाकीच्या दोघांना 'मोजता येईल असं काही' हवं होतं. बैठक आजपासून बंद. सात जणांना वरच्या मजल्यावर जायचा पर्याय.

डॉक्टरबाई रागावल्या नव्हत्या, खचल्या होत्या. "जिंकलेला डाव उधळलास. मला तोंडघशी पाडलंस, ते सोड. त्यांचं काय?"

मी बरोबर केलं असं मला वाटतं, पण बैठक बुडाली ती माझ्यामुळे. दोन्ही खरं आहे. यातलं एक खोटं ठरवून मोकळं होता येत नाही.

"तुझं मात्र मी बघते," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तू जे बोललीस ते कामाच्या ताणाने बोललीस, असं विश्वस्तांना कळवते. महिनाभर रजा घे आणि परत ये."

"ताण नव्हता, बाई. खरं होतं."

"अगं, पण तू इतकी सहज वावरतेस. कुणाला संशयही येणार नाही."

"ते मी बंद केलंय. आणि बाई, तुमच्या अत्तराने माझं डोकं दुखतं. चार वर्षं दुखतंय."

"मग आता वागणार तरी कशी?" त्यांनी खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

"माहीत नाही. मी पण अजून बघितलेलं नाही."

खोलीची किल्ली टेबलावर ठेवून आले. पगार गेला. भाऊजी म्हणाले, "जेवायचं तर आधी बघू." जेवले.

८ फेब्रुवारी, गुरुवार

नेहमीच्या वेळेला मी खोलीत नुसती बसून होते. करायला काही नव्हतं. तेवढ्यात ग्रंथपाल बाईंचा निरोप आला. एक दुवा आणि खाली दोन ओळी. "जागा आम्हीच केली आहे. तुम्ही चालवायचं नाही. यायचं असेल तर यायचं."

मला आधी रागच आला. चालवायचं नाही म्हणजे? मग लक्षात आलं की मला हे हवं होतं आणि मागायची माझी हिंमत झाली नसती. दुव्यावर बोट ठेवलं. सातही चौकोन होते. कुणीही वरच्या मजल्यावर गेलेलं नव्हतं.

पाच मिनिटं झाली नसतील तोच डॉक्टरबाईंचा संदेश. त्यांना कसं कळलं कोण जाणे. "केंद्राच्या लोकांना तू परस्पर भेटणं नियमात बसत नाही. तुला समुपदेशक म्हणून तिथे बसता येणार नाही."

मी लिहिलं, "समुपदेशक म्हणून बसलेली नाही."

"मग कोण म्हणून?"

मोठंसं काहीतरी लिहायला घेतलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग एवढंच पाठवलं, "ते सात आहेत. मी आठवी."

फोन पालथा घातला. कॅमेरा बंद केला. आचारी बोलत होता आणि मला ऐकायचं होतं.